प्रति आणि प्रत: फक्त तुम्हाला आलेले मेल वेगळे कसे ओळखायचे

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागातल्या एका भाऊंना दिवसाला दीड-दोनशे मेल येतात आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त मेलमध्ये ते नुसते सीसीत असतात. गेल्या महिन्यात एका पुरवठादाराने सुधारित दर फक्त त्यांनाच पाठवले आणि 'शुक्रवारपर्यंत होकार कळवा' असे लिहिले. तो मेल गर्दीत गडप झाला. सोमवारी फोन आला तेव्हा जुने दर संपलेले होते. आता त्यांना असा नियम हवा आहे की थेट त्यांच्या नावाने आलेला मेल इनबॉक्समध्ये लगेच डोळ्यांत भरावा. ऑफिसात आउटलुक आहे, घरी जीमेल.

मी नागपुरात सदरला बसतो. बुटीबोरीचे कारखाने, वाडीची गोदामे, इतवारीतले व्यापारी अशा गिऱ्हाइकांची मेलव्यवस्था बघण्यात माझी अठरा वर्षे गेली. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर सरकारी खात्यांशी काम असलेले गिऱ्हाईक रोजच विचारतात, कारण तेव्हा प्रत्येक पत्राची प्रत दहा जणांना जाते.

नियम सांगतोच. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू, नाहीतर नियम लावूनही महिन्याभरात तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

तुमची मागणी आहे 'मला आलेला मेल'. संगणकाला ही मागणी कळत नाही. त्याला एवढेच कळते की तुमचा पत्ता कोणत्या ओळीत लिहिला आहे. आपल्या सरकारी पत्राचा नमुना आठवा. वर लिहिलेले असते 'प्रति,' आणि त्याखाली ज्याने काम करायचे त्याचे पद. पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून पाच-सात नावे, आणि शेवटी निवडनस्ती, म्हणजे कार्यालयाच्या फाइलची प्रत. मेलमधला 'टू' म्हणजे तो 'प्रति', आणि 'सीसी' म्हणजे तळाची 'प्रत'. सीसी हे नावच कार्बन कॉपीवरून आले, टाइपरायटरमध्ये दोन कागदांमध्ये काळा कार्बन घालून काढायचो ती प्रत. कचेरीतला बाबू पत्र हातात घेताच आधी वर बघतो की खाली, ते आठवा. आपण संगणकाला नेमके तेवढेच शिकवणार आहोत. पत्र लिहिणाऱ्यानेच 'प्रति'मध्ये वीस नावे कोंबली असतील तर बाबूही हतबल आणि संगणकही.

तुमच्याकडे मेल पोहोचण्याचे रस्ते पाच आहेत. टूमध्ये तुम्ही एकटे. टूमध्ये तुम्ही आणि इतर. सीसीत तुम्ही. एखाद्या समूह-पत्त्यावर, म्हणजे खरेदी विभागाच्या सामायिक पत्त्यावर आलेला आणि तुम्ही त्या समूहात आहात म्हणून पोहोचलेला. आणि बीसीसी, ज्यात तुमचे नाव कुठेच दिसत नाही. शेवटचे दोन रस्ते बऱ्याच लोकांच्या लक्षातच नसतात आणि नियम तिथेच फसतात. मेल पाठवताना सर्व्हरला दिलेला पत्ता वेगळा आणि मेलच्या माथ्यावर लिहिलेला पत्ता वेगळा असू शकतो. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्रावर दुसरे, तसे. पाकीट तुमच्या नावाचे असते म्हणून मेल येतो, पण बहुतेक नियम आतले पत्र वाचतात. त्यामुळे बीसीसीने आलेला मेल 'टूमध्ये मी आहे' या अटीत कधीच बसत नाही.

आता काय कशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. आउटलुक कंपनीच्या एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल-सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्याला जोडलेले असेल तर पुढचे सगळे बिनबोभाट चालते. स्वस्त होस्टिंगवरचे साधे खाते आउटलुकमध्ये ओढलेले असेल तर 'माझे नाव' ही अट कधी ओळखते, कधी नाही. तुम्हाला दोन-तीन पत्ते असतील, जुन्या कंपनीच्या नावाचा एखादा अजून चालू असेल, तर तो प्रत्येक पत्ता नियमात वेगळा लिहावा लागतो. आणि तुमच्या ऑफिसात लोक टू आणि सीसी विचार करून भरतात की जे सुचेल ते, यावर तर सगळाच खेळ आहे. त्यावर शेवटी येतो.

आधी आउटलुक, कारण तुमचे खरे दुखणे तिथे आहे.

इथे माझा सल्ला बहुतेकांच्या उलट असतो. सुरुवात नियमाने करू नका, रंगाने करा. आउटलुकमध्ये नियम आणि रंग या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. नियम मेलला हात लावतो: हलवतो, पुढे पाठवतो, वर्ग लावतो. रंग काहीच हलवत नाही, फक्त यादीत ती ओळ वेगळी दिसते. चूक झाली तरी मेल जागेवरच असतो.

जुन्या, म्हणजे संगणकावर बसवलेल्या आउटलुकमध्ये इनबॉक्स उघडा. वर 'व्ह्यू' टॅब, त्यात 'व्ह्यू सेटिंग्ज', त्यात 'कंडिशनल फॉरमॅटिंग'. तिथे 'ॲड' दाबून नाव द्या, समजा 'फक्त मला'. 'फॉन्ट'मध्ये रंग निवडा. मग 'कंडिशन' दाबा. जी खिडकी उघडेल तिच्या 'मेसेजेस' भागात 'व्हेअर आय ॲम' असा चौकोन आहे. त्यावर खूण केली की शेजारी तीन पर्याय येतात: टू ओळीत मी एकटा, टू ओळीत इतरांसोबत, सीसी ओळीत इतरांसोबत. पहिला निवडा आणि ओके.

रंग निवडताना निळा टाळा. न वाचलेले मेल आउटलुक आपणहून ठळक निळ्यात दाखवते, त्यामुळे तुमचा निळा त्यात विरघळून जाईल. मी गडद लाल देतो. काहींना लाल बघून धडकी भरते, त्यांना गडद हिरवा.

मग दुसरी अट जोडा: सीसी ओळीत इतरांसोबत. तिला फिका राखाडी रंग द्या. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या अनुभवात उपयोग जास्त याचाच होतो. महत्त्वाचे वीस मेल उजळण्यापेक्षा बिनमहत्त्वाचे शंभर मेल मंद केले की उरलेले आपोआप वर येतात. उन्हाळ्यात सीताबर्डीच्या गर्दीत ओळखीचा माणूस शोधायचा असेल तर त्याला भडक शर्ट घालायला सांगून भागत नाही, बाकीचे बाजूला झाले की तो दिसतो. 'टू ओळीत इतरांसोबत' याला मी मुद्दाम कोणताच रंग देत नाही, ते साध्या काळ्यात राहू द्या. म्हणजे रंग एकूण तीन झाले: लाल, काळा, राखाडी. एका गिऱ्हाइकाच्या हिशेबनीसाने साहेबाला जांभळा, बँकेला केशरी, कराच्या मेलला पोपटी असे नऊ रंग लावले होते. दोन आठवड्यांनी त्यालाच आठवेना की केशरी कशासाठी होता.

नवीन आउटलुक वापरत असाल तर हीच सोय सेटिंग्जमध्ये 'मेल'खाली कंडिशनल फॉरमॅटिंग नावाने मिळते. आणि वेब आउटलुकमध्ये काहीही लावायची इच्छा नसेल तर यादीच्या वर 'फिल्टर' दाबून 'टू मी' निवडा. तेवढ्यापुरते फक्त तुम्हाला आलेले मेल दिसतात, काम झाले की फिल्टर काढा. दिवसातून दोनदा, जेवणाआधी आणि निघताना, एवढे केले तरी तुमचा तो दरांचा मेल सुटला नसता.

आता नियम. रंग लावून आठवडाभर बघा, आणि तरीही इनबॉक्स तुंबलेलाच वाटला तर याकडे वळा. जुन्या आउटलुकमध्ये 'होम' टॅबवर 'रूल्स', तिथून 'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स', 'न्यू रूल', आणि 'अप्लाय रूल ऑन मेसेजेस आय रिसीव्ह'. अटींच्या यादीत तुमच्या उपयोगाच्या पाच आहेत: फक्त मलाच पाठवलेला, माझे नाव टूमध्ये, माझे नाव सीसीत, माझे नाव टू किंवा सीसीत, आणि माझे नाव टूमध्ये नाही. शेवटच्या अटीपासून सावध राहा. का, तर त्यामागे माझी एक फजिती आहे.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी स्वतःसाठीच नियम लावला: ज्या मेलच्या टूमध्ये माझे नाव नाही तो 'नंतर बघू' या फोल्डरात. दोन-तीन दिवस इनबॉक्स इतका मोकळा दिसला की मी तीन गिऱ्हाइकांनाही हीच युक्ती सांगितली. मग एका सर्व्हर पुरवठादाराने आपल्या सगळ्या ग्राहकांना बीसीसीने कळवले की अमुक रविवारी देखभालीसाठी सेवा सहा तास बंद राहील. बीसीसी, म्हणजे टूमध्ये मी नाही, म्हणजे मेल थेट 'नंतर बघू'त. नऊ दिवस तो तिथे पडून होता. रविवारी सकाळी गोदामाचा व्यवस्थापक फोनवर, 'काऊन जी, मेल बंद हाय?' आणि मी इकडे तर्री पोह्याची प्लेट हातात धरून सर्व्हर पडला म्हणून घाबरलो. त्यानंतर 'टूमध्ये नाही' ही अट मी एकटी कधीच वापरत नाही. 'सीसीत आहे' ही अट वापरतो. दोन्ही सारख्याच वाटतात, पण दुसरी फक्त खऱ्या सीसीला पकडते. बीसीसी आणि समूहाचे मेल इनबॉक्समध्येच राहतात.

म्हणून नियम असा करा. अट: माझे नाव सीसीत. क्रिया: 'प्रत' नावाच्या फोल्डरात हलवा. आणि तिसऱ्या पायरीवर अपवाद येतात, 'एक्सेप्ट इफ', तिथे तुमचे साहेब आणि जे दोन-तीन लोक सवयीने सगळे सीसीतच लिहितात त्यांची नावे घाला. असे लोक प्रत्येक ऑफिसात असतात. ते कामही सीसीतच सांगतात. त्यांना सुधारायला जाऊ नका, अपवादात टाका.

नियमांचा क्रम वरून खाली चालतो. 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' अशी एक खूण असते, ती लावली की त्या मेलवर पुढचे नियम चालत नाहीत. दोन नियम एकाच मेलला लागू होत असतील आणि पहिल्यावर ही खूण नसेल तर मेल कुठे गेला ते शोधत बसावे लागते. अपवादाची माणसे ज्या नियमात आहेत तो सर्वात वर ठेवा आणि त्यावर ही खूण करा.

आणखी एक बारकावा. काही नियम फक्त तुमचा संगणक चालू आणि आउटलुक उघडे असतानाच चालतात, उदाहरणार्थ आवाज वाजवणे किंवा सूचनेची खिडकी दाखवणे. आउटलुक त्या नियमासमोर तसे लिहूनही दाखवते. संगणक बंद करून घरी गेलात की तो नियम झोपला. मेल फोल्डरात हलवणारा साधा नियम मात्र एक्सचेंजवर सर्व्हरमध्येच चालतो, त्यामुळे फोनवरही मेल योग्य जागी दिसतो.

जीमेलकडे येऊ. तिथे कामाची पहिली गोष्ट अगदी छोटी आहे, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. सेटिंग्जमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल' टॅब, खाली जात राहा, 'पर्सनल लेव्हल इंडिकेटर्स' दिसेल. 'शो इंडिकेटर्स' निवडून तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबा. सेव्ह करायला विसरलात तर काहीच होत नाही, आणि लोक विसरतात. आता यादीत तुमच्या पत्त्यावर, समूहाच्या नव्हे, आलेल्या मेलपुढे एक छोटा बाण आणि फक्त तुम्हालाच आलेल्या मेलपुढे दुहेरी बाण दिसेल. ना नियम, ना लेबल. घरच्या वापराला बहुतेकांचे एवढ्याने भागते.

रंगच हवा असेल तर लेबल आणि फिल्टर. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला छोट्या सरकपट्ट्यांचे चिन्ह आहे, ते दाबा. 'टू'च्या रकान्यात तुमचा पूर्ण पत्ता लिहा. पण इथे जीमेलचा स्वभाव लक्षात घ्या: त्याचा 'टू' शोध सैल आहे, सीसीतले मेलही त्यात येतात. म्हणून शोधपट्टीत इंग्रजीत तुमच्या पत्त्याच्या आधी टी-ओ आणि कोलन, मग एक जागा सोडून वजाचे चिन्ह, सी-सी, कोलन आणि पुन्हा पत्ता, असे लिहा. म्हणजे 'टूमध्ये मी, सीसीतले वजा'. आधी नुसता शोध चालवून निकाल बघा. पहिल्या पन्नास मेलमध्ये नको ते आले नाहीत याची खात्री झाली की मगच 'क्रिएट फिल्टर'. तिथे 'अप्लाय द लेबल' निवडून 'थेट' नावाचे नवे लेबल बनवा. डावीकडच्या यादीत त्या लेबलावर माउस नेला की तीन ठिपके येतात, त्यातून रंग. जुन्या मेललाही लेबल हवे असेल तर जुळणाऱ्या संभाषणांनाही लावा अशी खूण फिल्टर बनवताना करावी लागते, नाहीतर फिल्टर फक्त पुढे येणाऱ्या मेलवर चालेल.

'स्किप द इनबॉक्स'ला, म्हणजे मेल इनबॉक्समध्ये न दाखवता बाजूला टाकणाऱ्या खुणेला, पहिला महिनाभर हात लावू नका. माझ्या फजितीची जीमेल आवृत्ती तिथूनच जन्माला येते.

जीमेलमध्ये एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. फिल्टर एकेक मेल तपासतो, पण लेबल यादीत अख्ख्या संभाषणावर दिसते. चाळीस उत्तरांच्या साखळीत एकच मेल थेट तुम्हाला असेल तरी सगळी साखळी 'थेट' म्हणून रंगते. ज्यांना हे खटकते त्यांनी जनरलमध्येच 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद करावा, मग प्रत्येक मेल स्वतंत्र ओळीत येतो. मला स्वतःला ते विस्कळीत वाटते, पण इतवारीतले दोन व्यापारी त्याच पद्धतीवर खूश आहेत.

जीमेलचे फिल्टर मोबाइल ॲपमधून बनवता येत नाहीत, त्यासाठी संगणकावरच्या ब्राउझरमध्येच बसावे लागते. अँड्रॉइड फोनवर मात्र एकदा लेबल बनले की त्या लेबलापुरत्याच सूचना चालू ठेवता येतात. म्हणजे जेवताना फोन फक्त 'थेट' मेललाच वाजेल. आउटलुकच्या मोबाइल ॲपमध्ये सूचना फोकस्ड इनबॉक्सपुरत्या (आउटलुकने स्वतः महत्त्वाचे ठरवलेले मेल) किंवा आवडत्या माणसांपुरत्या ठेवता येतात, पण संगणकावर लावलेला तुमचा लाल-राखाडी रंग फोनवर येत नाही. तो तिथल्या व्ह्यूचा रंग आहे. त्यामुळे फोनवर नजर टाकून 'काही लाल नाही' असे समजू नका.

आता काही फसव्या जागा, ज्यांत मी माणसे पडताना पाहिली आहेत.

स्वस्त होस्टिंगवरच्या वेबमेलमध्ये किंवा थंडरबर्डसारख्या मेल-प्रोग्रॅममध्ये अट बहुधा 'टू मध्ये हे आहे' अशी लिहायची असते, म्हणजे नुसते अक्षरांचे जुळणे. समजा तुमचा पत्ता राम ॲट कंपनी असा आहे. तुम्ही 'राम ॲट कंपनी आहे' अशी अट लिहिली. मग तुकाराम आणि सखाराम यांच्या पत्त्यांतही ती अक्षरे सापडतात, आणि तुकारामांना आलेले मेलही, जर ते तुमच्यापर्यंत सीसीने पोहोचत असतील तर, तुमचे म्हणून लाल होतात. हे माझ्याकडे खरेच घडले आहे, फक्त नावे वेगळी होती. जिथे 'तंतोतंत' असा पर्याय असेल तिथे तो घ्या.

नावाने अट लिहू नका, पत्त्याने लिहा. आपल्याकडे वानखेडे आणि वानखडे दोन्ही आहेत, आणि इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण आपापल्या मताने लिहितो.

समूह-पत्ता असेल तर त्याचे मेल वेगळे ओळखायला सोपे असतात. मेलिंग लिस्ट व्यवस्थित चालवलेली असेल तर तिच्या प्रत्येक मेलच्या माथ्यावर लिस्ट-आयडी नावाची एक छुपी ओळ असते, २००१ पासून त्याचा ठरलेला नमुना आहे. जीमेलमध्ये तिच्यावरून शोधता येते. कंपनीअंतर्गत साध्या वितरण-यादीत ती असेलच असे नाही, तिथे टूमध्ये समूहाचा पत्ता आहे का एवढेच बघा. आणि समूहाच्या मेलला राखाडी करण्याआधी थांबा. खरेदी विभागाच्या सामायिक पत्त्यावर नवीन पुरवठादार पहिला मेल पाठवतो. त्याच्या दृष्टीने तोच तुमचा पत्ता आहे.

इतवारीतल्या दुकानांत तर बऱ्याचदा एकच पत्ता असतो आणि वडील, दोन मुलगे आणि मुनीम तो उघडतात. तिथे 'मला आलेला' ही अटच निरर्थक. असे जीमेल खाते असेल तर अधिकचे चिन्ह वापरा: पत्त्यातल्या ॲटच्या आधी अधिक आणि एक शब्द जोडला तरी मेल त्याच खात्यात येतो. बिलांसाठी एक शब्द, मालाच्या चौकशीसाठी दुसरा. मग फिल्टर त्या जोडलेल्या पत्त्यावर लावा. लोकांना तो पत्ता नीट लिहायला लावणे हे वेगळे कष्टाचे काम आहे, ते मान्य.

आणि सर्वात मोठी फसवी जागा म्हणजे 'रिप्लाय ऑल'. कुणी सगळ्यांना उत्तर दिले की मूळ पाठवणारा आणि टूमधले बाकीचे सगळे टूमध्येच राहतात आणि सीसीतले सीसीत. म्हणजे तुमच्या नावाने सुरू झालेली साखळी तीन आठवड्यांनी जेवणाच्या मेन्यूवर पोहोचली तरी तुम्ही टूमध्येच. उलट, पहिल्या मेलमध्ये सीसीत असलेल्या तुम्हाला सातव्या उत्तरात कुणी विचारले, 'खरेदीने सांगावे, माल कधी येतोय?' तरी तुम्ही सीसीतच. पहिला प्रकार नुसता त्रासाचा आहे. दुसरा धोक्याचा आहे, आणि तुमच्या राखाडी रंगाने तो अजून धोक्याचा होतो. हे लपवून ठेवणे बरे नव्हे.

यावर दोन उपाय. एक, आउटलुकमधल्या सीसीच्या नियमाला मजकुरातल्या शब्दांचा अपवाद द्या: तुमचे आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून, मराठीत लिहून, शिवाय 'खरेदी' हा शब्द. वर म्हटले की नावावर अट लिहू नका, ते पत्ता ओळखण्यापुरते होते. इथे आपण मुद्दाम सैल जाळे टाकतोय, कारण चुकून एखादा जास्तीचा मेल इनबॉक्समध्ये राहिला तर बिघडत काही नाही. दोन, एक्सचेंजवर असलेल्या सहकाऱ्यांना ॲटचे चिन्ह टाकून नाव निवडायची सवय लावा. मजकुरात तसे नाव आले की आउटलुक त्या मेलवर खूण करते, आणि वेब आउटलुकच्या फिल्टरमध्ये 'मेन्शन्स मी' निवडून ते वेगळे बघता येतात. बाहेरच्या पुरवठादारांकडून ही अपेक्षा ठेवू नका.

लोकांच्या सवयीबद्दल शेवटी बोलतो म्हटले होते. नियम लावून झाल्यावर एक काम मी प्रत्येक ऑफिसात करतो, ते तंत्राचे नाही. साहेबांच्या सहीने चार ओळींची सूचना: टूमध्ये फक्त ज्याने काम करायचे तो, शक्यतो एकच, सीसीत माहितीसाठी, साखळीत नवे काम एखाद्याला सांगायचे असेल तर त्याला सीसीतून उचलून टूमध्ये ठेवा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात आम्ही हे आधी केले आणि रंग नंतर लावले, तेव्हा रंग लावायची गरज निम्म्या लोकांना उरली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी साहेबांनीच ऐकले नाही, ते आजही पंचवीस जणांना टूमध्ये ठेवतात. तिथे लाल रंग मी काढून टाकला, कारण सगळेच काळे. फक्त राखाडी ठेवला, त्याने तरी थोडे हलके वाटते.

तुम्ही खरेदी विभागात आहात, म्हणजे तुमचे बरेच मेल बाहेरून येतात. पुरवठादारांना चार ओळींची सूचना देता येणार नाही. पण तुमच्या स्वाक्षरीखाली एक ओळ घालता येते: 'दर आणि मुदतीबाबतचे मेल कृपया फक्त या पत्त्यावर टूमध्ये पाठवावेत.' सगळे ऐकणार नाहीत, पण जे ऐकतील त्यांचे मेल लाल होतील.

आणि हे सगळे लावून झाल्यावर चाचणी केल्याशिवाय विश्वास ठेवू नका. घरच्या जीमेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर पाच मेल पाठवा: टूमध्ये एकट्याला, टूमध्ये तुम्हाला आणि एका सहकाऱ्याला, सहकाऱ्याला टूमध्ये ठेवून तुम्हाला सीसीत, तुम्हाला बीसीसीत, आणि विभागाच्या सामायिक पत्त्यावर. विषयात एक ते पाच आकडे लिहा. संगणकावर एक लाल, दोन काळा, तीन राखाडी, चार आणि पाच काळे आणि इनबॉक्समध्येच दिसले पाहिजेत. मग हेच फोनवर बघा. तिथे रंग नसेल, पण पाचही मेल कुठे आहेत ते सापडले पाहिजे. चौथा किंवा पाचवा सापडत नसेल तर 'टूमध्ये नाही' ही अट तुम्ही कुठेतरी ठेवली आहे, आधी ती शोधा.

'प्रत' फोल्डर बनवलाच तर त्याची एक वेळ ठरवा. मी शनिवारी सकाळी अर्धा तास देतो, चहा घेऊन, आणि त्यात कामाचे एखादे निघाले की लगेच त्या माणसाला अपवादाच्या यादीत टाकतो. पहिल्या दोन महिन्यांत यादी वाढते, मग थांबते. तुमची कुठे थांबते ते तुमच्या साहेबांवर आहे.